‘बाई, विचारा ना, बहीण कशी दिसायची?’

नववीला इतिहास शिकवते. ज्यूंच्या संहारापाशी आले की फळ्यावर ‘साठ लाख’ लिहिते आणि पुढे काय बोलावं ते सुचत नाही. म्हणून यंदा वाचलेल्यांच्या साक्षी जपणाऱ्या अमेरिकेतल्या यूएससी शोआ फाउंडेशनचं ‘डायमेन्शन्स इन टेस्टिमनी’ हे प्रश्नोत्तरांचं साधन वर्गात लावून पाहिलं.

खुर्चीत पिंखस गुटर बसलेले दिसतात. त्या संहारातून वाचलेले, आता कॅनडात राहणारे आजोबा. आपण विचारायचं, ते सांगतात. यंत्र पदरचं काही बोलत नाही. 2014 साली त्यांची हजारावर उत्तरं चित्रित केलेली आहेत, त्यातलं जुळेल ते समोर येतं. हे मुलांना आधीच सांगा. माझ्या वर्गातल्या दोघांना वाटलं, आजोबा आत्ता कॅनडातून बोलतायत.

प्रश्न इंग्रजीत लागतो. मुलं मराठीत सांगत होती, मी टाइप करत होते. सुरुवातीचे प्रश्न माझेच, अगदी घटक चाचणीतले. उत्तरं मिळाली: जन्म पोलंडमधल्या लोड्झचा, नंतर वॉर्सा घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती, तिथला उठाव चिरडला गेला त्या 1943 सालीच आईवडील आणि जुळ्या बहिणीसह माय्दानेकच्या नाझी छळछावणीत रवानगी. बरं मग? एवढं पुस्तकातही सापडतं, त्यासाठी प्रोजेक्टर कशाला जोडायचा!

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, विचारा ना, बहीण कशी दिसायची?”

सबिना तिचं नाव. तिचा चेहरा त्यांना आठवतच नाही. माय्दानेकला उतरल्यावर ती आईकडे धावली, तेव्हाची तिची सोनेरी वेणी तेवढी आठवते. आईवडील आणि सबिना, तिघांनाही तिथे पोचल्या पोचल्या मारलं. पिंखस तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षांचं पोरगं. पुढे किती छावण्या काढून ते मे 1945 मध्ये तेरेझीनश्टाटच्या छावणीतून सुटलं.

वर्गात दोन वेण्यांच्या बारा-तेरा मुली तरी असतील. कुणी काही बोललं नाही.

आणखी एक. दोन प्रश्नांच्या मधे आजोबा नुसते बसून राहतात, पापण्या लवतात, जरा सावरून बसतात. मी स्पेलिंग दुरुस्त करत होते आणि ते थांबले होते. चित्रीकरण आहे हे ठाऊक असूनही ओशाळल्यासारखं झालं.

सलग हकीकत हवी असेल तर हे साधन नव्हे. विचाराल तेवढंच कळतं. नकाशा आणि सनावळी आधी शिकवून घ्या. पस्तीस मिनिटांचा एक तास तर अजिबात पुरत नाही.

पुढच्या वर्षी दोन तास जोडून मागणार आहे. प्रश्न आदल्या दिवशी वहीत. टाइप मात्र मी करणार नाही.