धावण्यासाठी कोच लावावा की अ‍ॅपवर भागवावे? बडोद्यातल्या दोन हिवाळ्यांचा अनुभव

पहिली हाफ मॅरेथॉन कशीबशी पूर्ण झाली की हा प्रश्न बहुतेकांपुढे उभा राहतो. दरमहा पैसे मोजून कोच लावावा, की घड्याळाबरोबर फुकट मिळणाऱ्या अ‍ॅपमधल्या प्लॅनवर भागवावे? मी दोन्ही मार्गांनी जाऊन पाहिले आहे. पहिल्या हिवाळ्याची तयारी मी केवळ अ‍ॅपवर केली. दुसऱ्या वर्षी आधी सहा आठवडे व्हॉट्सअ‍ॅपवरून मार्गदर्शन करणारा ऑनलाइन कोच घेतला आणि त्यानंतर चार महिने कमाटीबागेत स्वतः उभे राहून सराव घेणाऱ्या एका सरांकडे गेलो. पुढचे लिखाण हे वयाच्या ४७ व्या वर्षी, नोकरी सांभाळून आठवड्याला तीस-पस्तीस किलोमीटर धावणाऱ्या एका माणसाचे मत आहे, आणि ते तेवढ्याच बेताने घ्यावे.

खर्चाचा हिशेब आधी सांगतो, कारण घरात पहिला प्रश्न तोच येतो. अ‍ॅपला वेगळे पैसे पडले नाहीत. ऑनलाइन कोचची फी महिना ३,५०० रुपये होती, तर मैदानावरच्या सरांची महिना २,०००, म्हणजे चार महिन्यांचे ८,००० रुपये. एका बऱ्यापैकी बुटांच्या जोडीला साधारण एवढेच पडतात. मात्र पहिल्या, फुकटच्या हिवाळ्यात मला फिजिओथेरपीच्या नऊ बैठका घ्याव्या लागल्या आणि प्रत्येकीचे ६०० रुपये धरले तर तो हिवाळाही ५,४०० रुपयांना पडला. प्रत्येकाला दुखापत होतेच असे नाही, त्यामुळे हा आकडा मी सर्वांना लागू करत नाही. परंतु स्वतःचा हिशेब मांडताना तो वगळणेही मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

प्लॅन म्हणून पाहिले तर तिन्हींत फारसा फरक नव्हता, हे अगदी मोकळेपणाने सांगायला हवे. आठवड्यातून दोनदा सावकाश धाव, एकदा टेम्पो (सलग, जरा जोरात धाव) किंवा इंटरव्हल (थोडे जोरात, थोडी उसंत, असे आलटून पालटून), रविवारी लाँग रन, दर चौथ्या आठवड्यात थोडी उसंत आणि शर्यतीआधी दोन आठवडे कमी केलेले अंतर: हा सांगाडा सर्वत्र तोच आहे आणि तो चांगला आहे. केवळ कागदावरच्या तक्त्यासाठी कोणी कोचला फी देणार असेल तर ती देऊ नये, असेच मी म्हणेन. माझ्या ऑनलाइन कोचच्या बाबतीत नेमके हेच झाले. रविवारी रात्री साडेदहाला पुढच्या आठवड्याचा तक्ता येत असे, आणि एकदा सरावानंतर चहा घेताना माझ्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या एका मित्राच्या फोनवर तोच तक्ता मला दिसला. वरचे नाव तेवढे वेगळे होते. सगळे ऑनलाइन कोच असे नसतात, आणि ज्यांना मनापासून उत्तरे देणारा माणूस मिळाला आहे असे दोघेजण मला माहीत आहेत. मला तसा मिळाला नाही, म्हणून सहा आठवड्यांनी मी थांबलो.

वेगाच्या बाबतीत मात्र फरक जाणवला. घड्याळाने माझे कमाल हृदयठोके २२० वजा वय या सूत्राने १७३ धरले होते आणि सगळे झोन, म्हणजे सावकाश ते जोरात अशा मेहनतीच्या पायऱ्या, त्यावरूनच आखले होते. हे सूत्र सरासरीचे आहे. एकेका माणसाच्या बाबतीत ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकू शकते. त्यात बडोद्याचा सप्टेंबर. पाऊस ओसरत आलेला असतो, हवेत दमटपणा तसाच असतो, शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि त्याच वेगाला ठोके वाढत जातात. परिणामी मी चालल्यासारखा धावत असलो तरी घड्याळ लाल रंग दाखवायचे, आणि त्याच्यावरचा विश्वास उडाल्यावर मी सावकाश धावायच्या दिवशीही मनाला येईल तसा जोरात धावू लागलो. सरांनी पहिल्याच दिवशी घड्याळ उलटे फिरवून मनगटाच्या आतल्या बाजूला घ्यायला सांगितले आणि माझ्या शेजारी धावता धावता म्हणाले, “तेरनो घडियो बोलो, भाई.” तेराचा पाढा! मी मराठीत सुरू केला. तेर दुणे सव्वीस, तेर त्रिक एकोणचाळीस येथपर्यंत ठीक चालले आणि पुढच्या ओळीच्या मध्येच श्वास घ्यावा लागला. त्यांनी तळहात खाली करून वेग कमी करण्याची खूण केली. एका दमात एक ओळ स्वच्छ निघेल तो माझा सावकाश धावण्याचा वेग, असे ठरले. चार महिने मी तेवढ्यावरच सावकाश धावलो आणि अजूनही एकटा असताना पुटपुटतो. धावताना बोलता आले पाहिजे, हे मी पूर्वी शंभरदा वाचले होते. पण शेजारी कोणी ऐकत नसेल तर ते पाळले जात नाही, निदान माझ्याकडून पाळले गेले नाही.

आता ज्या एका त्रासाने माझा निर्णय झाला त्याकडे येतो. तो त्रास म्हणजे चुकलेल्या दिवसाचा हिशेब.

बडोद्यातल्या धावणाऱ्याचे वेळापत्रक थोडे विचित्र आहे. आपली शहरातली मॅरेथॉन असो की जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारची मुंबईची, सोळा आठवडे मागे मोजत गेले की तयारीची सुरुवात नवरात्राच्या आसपासच येते, आणि मध्यावर दिवाळी. या शहरात राहून नऊ रात्री घरात बसणे मला तरी शक्य नाही. आमच्या घरात लहानपणापासून घटस्थापना जितकी आपली तितकाच गरबाही आपला. पहिल्या वर्षी अष्टमीच्या रात्री मी अनवाणी पायांनी दोन तास गरबा खेळून पाऊण वाजता घरी आलो. अ‍ॅपच्या लेखी तो विश्रांतीचा दिवस होता, कारण त्यात धावणे नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे सहा किलोमीटरचा टेम्पो ठेवलेला होता. मी उठू शकलो नाही. अ‍ॅपने तो टेम्पो निमूटपणे पुढच्या दिवसावर ढकलला आणि मीही तो केला, कारण राहिलेली धाव मागे सोडणे मला जमत नव्हते. त्यानंतर लगेच रविवारचे चौदा किलोमीटर, त्यानंतर मंगळवारचे इंटरव्हल. आमच्या दांडियाबाजारच्या घराला तीन मजल्यांचे जुने दगडी जिने आहेत. कोजागरीच्या सकाळी ते उतरताना डाव्या नडगीच्या आतल्या कडेला खालपर्यंत अशी कळ गेली की कठड्याला धरून उभे राहावे लागले. तीन आठवडे धावणे बंद झाले.

त्या तीन आठवड्यांत मी जे केले ते अधिक नुकसानीचे होते. एका वहीत मी चुकलेले किलोमीटर लिहीत गेलो आणि दिवाळीच्या सुट्टीत ते कसे भरून काढता येतील याची मांडणी करत राहिलो. रोज पहाटे जाग आली की तोच प्रश्न: आज पाय ठीक वाटतो आहे, तर राहिलेल्यातले किती करावे? दुखते आहे ते साधे आहे की हाडाचे? तिघांना विचारले तर चार उत्तरे मिळाली. हृदय आणि दम काही आठवड्यांत तयार होतात, पण हाडे आणि स्नायुबंध त्याहून सावकाश भार पेलायला शिकतात, हे मला ठाऊक होते. तरीही निर्णय घेणारा आणि धावणारा एकच असेल तर धावणाऱ्याचेच चालते. अ‍ॅप अधिक हुशार असते तरी त्याला मी गरबा, पाहुणे, मुलीची परीक्षा आणि रात्रीची झोप यांतले काय सांगू शकलो असतो? काही अ‍ॅपमध्ये झोपेची आणि थकव्याची नोंद आता होते, हे मान्य आहे. परंतु नोंद करणे वेगळे आणि आजची धाव रद्द करणे वेगळे.

दुसऱ्या वर्षीही नवरात्र आलेच. नवमीच्या पहाटे मी सव्वापाचला बागेच्या फाटकापाशी पोचलो, कारण न जाण्याची हिंमत नव्हती. सरांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि विचारले, “काले केटला वाग्या सुधी रम्या?” काल किती वाजेपर्यंत खेळलात? मी सव्वाबारा म्हणालो. त्यांच्याकडे पुठ्ठ्याला चाप लावून अडकवलेला प्रत्येकाचा कागद असतो, त्यातला माझा काढून त्यांनी बॉलपेनने त्या दिवसाची ओळ आडवी खोडली आणि म्हणाले, “आजे कंई नथी. रविवारे बार.” रविवारी पंधरा होते, ते बारा झाले. खोडलेली ओळ नंतर कुठेच आली नाही, ना शुक्रवारी, ना पुढच्या आठवड्यात. मी कट्ट्यावर बसून बाकीच्या दहा जणांचा सराव पाहिला आणि सात वाजता घरी गेलो. त्या दिवशी मनावरचे जे ओझे उतरले ते शब्दांत सांगणे कठीण आहे, आणि २,००० रुपये मी कशाचे देतो आहे हे मला त्याच सकाळी समजले.

नोव्हेंबरात नडगी पुन्हा थोडी कुरकुरू लागली, तेव्हा त्यांनी मला बाकावर बसवून हाडाच्या कडेवरून अंगठा दाबत गुडघ्यापासून घोट्यापर्यंत नेला. दुखणे लांबट, पसरलेले होते. एकाच ठिकाणी बोट टेकताच कळ गेली असती तर आपण सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवले असते, असे त्यांनी सांगितले. त्याऐवजी आठवडाभर रस्ता सोडून बागेतल्या मातीच्या वाटांवर धावायला लावले. कोच हा डॉक्टर नव्हे. पण केव्हा डॉक्टरकडे जायचे हे ज्याला कळते असा माणूस जवळ असणे मला महत्त्वाचे वाटते.

मैदानावरच्या कोचचे तोटेही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. वेळ त्यांची असते, आपली नव्हे. अकरा जणांच्या बॅचमध्ये सर्वांत जलद आणि सर्वांत सावकाश धावणाऱ्याकडे थोडे दुर्लक्ष होते. आमचे सर घड्याळातल्या नोंदी उघडूनही पाहत नाहीत, आणि ज्यांना आकड्यांतून समजून घ्यायची आवड आहे त्यांना हे खटकेल. माझा मावसभाऊ कोयलीच्या रिफायनरीत पाळीने काम करतो; त्याची झोप दर आठवड्याला बदलते आणि पहाटेची ठरावीक बॅच त्याला कधीच जमणार नाही. त्याच्यासाठी अ‍ॅप, किंवा फोनवर खरोखर उत्तर देणारा ऑनलाइन कोच, हाच मार्ग योग्य आहे. त्याचप्रमाणे ज्यांना दहा किलोमीटरपर्यंतच धावायचे आहे, किंवा चुकलेला दिवस मनातून काढून टाकणे ज्यांना सहज साधते, त्यांनी फी देण्याची घाई करू नये.

माझ्या वडिलांचा तर कोच या कल्पनेलाच विरोध होता. ते तरुणपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जात असत. मल्लखांबाला वस्ताद हवा, पळायला कशाला, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना नवमीच्या सकाळचा प्रसंग सांगितला. त्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “आमचे वस्तादही पुष्कळदा नुसते बस म्हणायचे.” त्यानंतर त्यांनी फीचा विषय काढला नाही.

निकालाचे म्हणाल तर हाफ मॅरेथॉनला पहिल्या वर्षी मला दोन तास तेवीस मिनिटे लागली आणि दुसऱ्या वर्षी दोन तास अकरा. या बारा मिनिटांचे सगळे श्रेय मी कोचला देणार नाही. दुसऱ्या वर्षी माझे वजन तीन किलोंनी कमी होते, त्या दिवशीची सकाळ अधिक थंड होती, आणि दुसऱ्या वर्षी बहुतेकांची वेळ सुधारतेच. तीन आठवड्यांचा खंड पडला नाही, याचे श्रेय मात्र मी देतो.

सध्या मी वर्षभर कोच ठेवत नाही. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत फुकटच्या प्लॅनवरच धावतो, कारण मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा येथे अंतर वाढवण्यासारखे काही नसते, आणि पावसाळ्यात जमेल तेवढे करायचे असते. घटस्थापनेपासून शर्यतीपर्यंत मात्र सरांकडे जातो. एवढा चार महिन्यांचा खर्च मला परवडतो आणि पटतो.

कोणाकडे जावे हे ठरवताना पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा किंवा जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेचा प्रशिक्षक अभ्यासक्रम झाला आहे का, हे अवश्य विचारावे. पण मी आणखी एक प्रश्न सुचवेन. पहिल्या महिन्याची फी देण्याआधी विचारा: माझा गुरुवार चुकला तर शुक्रवारी काय करायचे? जो म्हणेल की गुरुवारचे शुक्रवारी करून टाका, त्याच्यापेक्षा तुमचे अ‍ॅप स्वस्त आहे. जो उलट विचारेल की गुरुवार चुकला कशाने, त्याच्याकडे एक महिना जाऊन पाहा.