मळवली, सिंहगड की राजगड : पुण्यातून एका दिवसाच्या वर्तुळाकार गडफेरीसाठी काय निवडावे

पुण्यातून सकाळी निघून संध्याकाळी घरी परतायचे, चढाई मध्यम असावी आणि चढलो त्याच वाटेने उतरावे लागू नये, अशी अट घातली की पर्याय झपाट्याने कमी होतात. गडाला दोन वाटा असणे पुरेसे नसते. त्या वाटा ज्या गावांत उतरतात ती गावे पायी चालण्याच्या अंतरावर आहेत की डोंगराच्या दोन विरुद्ध बाजूंना, यावर सारे अवलंबून असते. कात्रज ते सिंहगड ही पुणेकरांची आवडती टेकड्यांची वाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते, त्यामुळे ती येथे विचारात घेतलेली नाही.

या अटीत सर्वांत नेमकी बसणारी फेरी मळवलीची आहे. पुणे–लोणावळा लोकलने लोणावळ्याच्या अलीकडच्या मळवली स्थानकावर उतरावे, द्रुतगती महामार्गावरील पूल ओलांडून भाजे गावात यावे आणि तेथून गायमुख खिंडीकडे चढू लागावे. खिंडीच्या एका बाजूला लोहगड आणि दुसऱ्या बाजूला विसापूर आहे. दोन्ही गड पाहून पुन्हा भाज्यात उतरले की वर्तुळ पूर्ण होते आणि परतीला तेच स्थानक मिळते. गाडी कोठे ठेवायची, चालकाला कोठे बोलवायचे, हे प्रश्नच उरत नाहीत. मात्र चढाई येथे दोनदा करावी लागते, हे निघण्यापूर्वीच सोबत्यांना स्पष्ट सांगितलेले बरे. निवांत पाहत गेल्यास सहा ते आठ तास धरावेत.

दोन्ही गडांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. लोहगडाला बांधीव पायऱ्या आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी दरवाजांची माळ एकामागून एक ओलांडत आपण वर पोहोचतो, आणि पायथ्याच्या लोहगडवाडीत जेवणाची सोय होते. विसापूरच्या वाटेवर दगडगोट्यांतून चढावे लागते, माथा विस्तीर्ण आहे आणि वर दुकान नाही, त्यामुळे माणशी किमान दोन लिटर पाणी खालूनच न्यावे. लोहगडाची उंची सुमारे 1030 मीटर, तर विसापूरची सुमारे 1080 मीटर आहे. हा जेमतेम पन्नास मीटरचा फरक इतिहासात महागात पडला. 1818 मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि मग लोहगडही फार काळ टिकला नाही. विसापूरच्या तटावर उभे राहून शेजारी पाहिले की त्याचे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

फेरीची दिशा कोणती ठेवावी, याबाबत माझे मत स्पष्ट आहे. लोहगड आधी करावा. सुट्टीच्या दिवशी दहानंतर तेथे इतकी गर्दी होते की विंचूकाट्याच्या चिंचोळ्या सोंडेवर जाण्यात काही अर्थ उरत नाही, आणि त्याच वेळी विसापूर मात्र बराच मोकळा असतो. शिवाय इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून खोदली गेलेली भाज्याची लेणी पश्चिमाभिमुख असल्याने चैत्यगृहात दुपारनंतरचा उजेड चांगला येतो, म्हणून ती शेवटी ठेवणे सोयीचे ठरते. फक्त ती बंद होण्यापूर्वी पोहोचण्याचे भान ठेवावे लागते. ही दिशा ऑक्टोबर ते फेब्रुवारी या महिन्यांसाठी आहे. जोराच्या पावसात विसापूर वगळावाच, कारण वाटेवरच्या नाळेतून, म्हणजे अरुंद घळीतून, पाणी वाहते आणि माथ्यावर धुके उतरले की उतरण्याची वाट सापडत नाही. पावसाळ्यात मावळातील पर्यटनस्थळांवर जिल्हा प्रशासन वेळोवेळी बंदीचे आदेशही काढते, ते आदल्या दिवशी पाहून घ्यावेत.

सिंहगड उंचीने मोठा, सुमारे 1300 मीटर, आणि शहराला सर्वांत जवळचा आहे. पायथ्यापर्यंत पीएमपीची बस जाते आणि आतकरवाडीची मळलेली वाट सरळ पुणे दरवाजाशी नेते. कल्याण दरवाजाने उतरता येते, हे खरे. पण ती वाट गडाच्या दुसऱ्या अंगाला कल्याण गावात उतरते आणि तेथून शहरात परतण्यासाठी वाहनाची सोय आधी करावी लागते. म्हणून येथे वर्तुळ माथ्यावरच करावे, असे मला वाटते: पुणे दरवाजा, कल्याण दरवाजा, झुंजार बुरूज, तानाजी कडा, राजाराम महाराजांची समाधी आणि मग पिठलं-भाकरी, मडक्यातले दही. उतरण मात्र चढलेल्या वाटेनेच होते. तरीही सोबत ज्येष्ठ मंडळी किंवा पहिल्यांदाच डोंगर चढणारे कोणी असेल, तर मी सिंहगडच सुचवीन. गडावर गाडीरस्ता असल्याने दमलेल्या माणसाला जीपने खाली पाठवता येते. ही सोय इतर दोन ठिकाणी माथ्यावर नाही.

राजगडाला मध्यम म्हणणे धाडसाचे आहे. गुंजवण्यातून चोर दरवाजाने पद्मावती माचीवर चढायचे आणि पाली दरवाजाच्या पायऱ्यांनी उतरायचे, ही जोडी देखणी असली तरी दोन्ही पायथे वेगळे आहेत, त्यामुळे गाडी फिरवून पालीकडे आणणारा चालक हवाच. त्यातच सुवेळा आणि संजीवनी या दोन्ही माच्या आणि बालेकिल्ला एका दिवसात नीट पाहून होत नाहीत. पहिल्या भेटीत संजीवनी सोडून द्यावी. नियमित चालणाऱ्यांच्या, स्वतःची गाडी असलेल्या गटाने हा पर्याय घ्यावा.

मळवली निवडल्यास शिवाजीनगरहून सकाळची पहिली लोकल धरावी. दुपारी लोकल विरळ असतात, त्यामुळे परतीची वेळ आधीच पाहून त्या मानाने विसापूर उतरायला लागावे आणि अंधार पडण्यापूर्वी भाज्यात यावे. लोहगडावरच दुपारचे बारा वाजले, तर विसापूर पुढच्या खेपेसाठी ठेवून गाडीरस्त्याने भाज्याला परतावे.