लाइपझिगचा मोफत कुस्ती निकालसंग्रह: ताहा अक्ग्युल शोधून पाहताना

एखाद्या मल्लाची कारकीर्द चाळायला जर्मनीतल्या लाइपझिगच्या या संग्रहाहून सोयीचं ठिकाण क्वचितच सापडेल. वर्ष, स्पर्धा, वजनगट, क्रमांक सगळं एका ओळीत. तुर्कस्तानच्या ताहा अक्ग्युलची 2014, 2015 आणि 2022 ची जागतिक विजेतेपदं, 2016 चं रिओ ऑलिम्पिक सुवर्ण लगेच नजरेत भरतं.

2013 पर्यंत 120 किलो, पुढे 125 दिसतं. तिथे गटाची मर्यादाच बदलली, पैलवानाच्या वजनवाढीशी त्याचा संबंध लावू नका.

उणीव मात्र मोठी: लढतीतले गुण नाहीत. 2019 च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत जॉर्जियाच्या पेत्रिआश्विलीशी 6-6 बरोबरी होऊन, समान गुण असताना विजेता ठरवणाऱ्या निकषावर अक्ग्युलचं सुवर्ण हुकलं. इथे दिसतो नुसता दुसरा क्रमांक! गुणांसाठी जागतिक कुस्ती महासंघाची निकालपत्रकं सोबत उघडाच.