सव्वा किलो की सव्वादोन किलो? फिरतीसाठी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर निवडताना

घरी हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं मोठं मशीन (कॉन्सन्ट्रेटर) आहे, रात्रीचा ऑक्सिजन त्यावर चालतो, आणि आता बाहेर पडण्यासाठी खांद्याला लावता येईल असं काहीतरी हवंय, अशा टप्प्यावर असलेल्यांसाठी हे लिहितोय. पल्स डोस, म्हणजे सलग न वाहता फक्त श्वास आत घेताना सुटणारा ऑक्सिजन, चालेल असं डॉक्टरांनी सांगितलंय, हे मी गृहीत धरतो. विचारलं नसेल तर आधी तेवढं विचारून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

निवड खरं तर दोनच प्रकारांत करायची असते. एक, अगदी छोटी मशीन्स: बॅटरीसकट सव्वा किलोच्या आसपास, सेटिंग साधारण ३ पर्यंत. दुसरी मधली: दोन ते अडीच किलो, सेटिंग ५ किंवा ६ पर्यंत. साडेचार किलोच्या पुढची, पल्सबरोबर सलग प्रवाहही देणारी मशीन्स असतात, पण ती बहुतेक वेळा चाकांवर ओढत न्यावी लागतात. ज्यांना परगावी झोपेतही ऑक्सिजन लागणार आहे किंवा ज्यांना पल्स पुरत नाही, त्यांनी थेट तीच बघावीत. औषधं आणायला आणि बँकेत जायला ती कोणी रोज बाहेर काढेल असं मला वाटत नाही.

पहिल्या दोन्ही प्रकारांतली मशीन्स मी भाड्याने आणून वापरली आणि शेवटी मधलं विकत घेतलं. माझा आजार फुप्फुसांच्या फायब्रोसिसचा, म्हणजे फुप्फुसं घट्ट होत जाण्याचा. बसल्या जागी ऑक्सिजन कमी लागतो, चालायला लागलो की एकदम जास्त. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असलेल्यांचं गणित वेगळं असू शकतं, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

वजनाच्या बाबतीत छोट्याला तोड नाही. एका किलोचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण चार पावलांत दम लागणाऱ्या माणसाच्या खांद्यावर तो जाणवतोच. छोटं मशीन अंगावर आहे हे थोड्या वेळाने विसरायला होतं. मधलं तसं विसरू देत नाही. चपलेचा पट्टा लावायला वाकलं की ते खांद्यावरून सरकून पुढे येतं, लोंबकळतं आणि नळीला हिसका बसून कॅन्युला, म्हणजे नळीचं नाकात बसणारं दुटोकी तोंड, नाकातून निसटते. पट्टा एका खांद्यावरून आडवा दुसऱ्या कुशीत घेतला की हे बरंच थांबतं. पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवलं तर त्याहून बरं, फक्त हवा आत घेण्याची जाळी झाकली जाणार नाही एवढं बघावं, नाहीतर मशीन तापतं.

आता सेटिंगच्या आकड्यांकडे येतो, कारण घोटाळा इथेच होतो. पल्स मशीनवरचा २ म्हणजे मिनिटाला दोन लिटर नव्हे. तो त्या कंपनीचा स्वतःचा आकडा असतो, आणि एका मशीनचा २ दुसऱ्याच्या २ इतका असेलच असं नाही. माहितीपत्रकात बघायची गोष्ट वेगळी आहे: सर्वांत वरच्या सेटिंगला मशीन मिनिटाला किती मिलिलिटर ऑक्सिजन बनवतं. छोट्या वर्गात हा आकडा ६३० च्या आसपास सापडतो, मधल्या वर्गात १००० ते १२५० च्या घरात.

याचा अर्थ चालताना कळतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. मशीनमधलं झिओलाइट नावाचं दाणेदार खनिज दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतं आणि उरलेली, सुमारे नव्वद टक्के ऑक्सिजनची हवा आपल्याला मिळते. ती किती बनेल याला मशीनच्या आकाराची मर्यादा असते. मिनिटाला ६३० मिली बनत असेल आणि तुम्ही शांत बसून १५ श्वास घेत असाल, तर श्वासामागे ४२ मिली मिळतात. जिना चढताना श्वास ३० वर गेले की तेवढाच ऑक्सिजन दुप्पट श्वासांत वाटला जातो आणि श्वासाला २१ मिली येतात. म्हणजे गरज वाढते नेमक्या त्याच वेळी प्रत्येक श्वासाचा वाटा निम्मा होतो. काही मशीन्स दर श्वासाला ठरलेलाच डोस देतात, पण मिनिटाची कमाल त्यांनाही ओलांडता येत नाही. छोट्यावर सपाट रस्त्याला मी ३ वर ठीक चालायचो. चढ आला की थांबावं लागायचं, आणि तिथे वर न्यायला सेटिंगच शिल्लक नसायचं. मधल्यावर रस्त्याला ३, चढाला ४ किंवा ५ असं डॉक्टरांनी ठरवून दिलंय. ही वरची जागा मला फार मोलाची वाटते.

तरीही एवढ्यावरूनच मी छोटं सोडलं असतं असं नाही. थांबत थांबत चालायची सवय होतेच. माझा निर्णय झाला तो बोलण्यावरून.

पल्स मशीन श्वास ओळखतं ते नाकातल्या ओढीवरून. तुम्ही नाकाने श्वास आत घ्यायला सुरुवात केली की कॅन्युलात दाब किंचित कमी होतो, मशीनला ते कळतं आणि ते ‘फुस्स’ करून डोस सोडतं. पण बोलताना आपण नुसत्या नाकाने श्वास घेत नाही. दोन वाक्यांच्या मध्ये तोंडानेही चटकन हवा ओढतो आणि पुढे बोलत राहतो. मशीनला नाकात पुरेशी ओढ अनेकदा सापडत नाही, आणि थोडा वेळ सापडली नाही की ते श्वास मिळत नसल्याचा अलार्म देतं. मी वापरलेलं छोटं मशीन हे फार लवकर करायचं आणि आवाजही चांगला चढा होता. औषधांच्या दुकानात कोणती गोळी बदलून हवी ते सांगतोय, आणि मध्येच टीं टीं सुरू. समोरचा घाबरतो. रांगेतले लोक वळून बघतात. कोणीतरी खुर्ची पुढे करतं, आणि मला काहीही झालेलं नसतं. मग बोलणं थांबवून तोंड मिटायचं, नाकाने दोन-तीन खोल श्वास घ्यायचे, अलार्म बंद झाला की पुन्हा वाक्य पकडायचं. तोवर गोळीचं नाव समोरच्याच्या डोक्यातून गेलेलं असतं.

कॅन्युला बदलून पाहिली. नाकात नीट बसणाऱ्या, वळलेल्या टोकांची घेतल्यावर त्रास कमी झाला, गेला नाही. नळी आखूडच होती, दोन मीटरची. त्याहून लांब नळीत श्वासाची ओढ आणखी क्षीण होते, म्हणून ती वाढवू नये. नाक कोरडं पडू नये म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं सलाइनचं जेलही लावून झालं. मशीन बिघडलेलं नव्हतं. त्याची श्वास ओळखण्याची पद्धत माझ्या उथळ श्वासाला आणि बोलण्याला जुळत नव्हती, एवढंच. पण हळूहळू बाहेर गेलो की मी कमी बोलायला लागलो. मान हलवून काम भागवायचं, भाव विचारायचं काम बायकोवर सोपवायचं. बाहेर पडता यावं, माणसांत मिसळता यावं म्हणून मशीन घ्यायचं आणि त्याच्यामुळेच गप्प बसायचं, हे मला सहन होईना.

मधलं मशीन इथे खूप वेगळं निघालं. एक तर ते उथळ श्वासही पकडतं. दुसरं, श्वास सापडला नाही तर आधी ते आपणहून ठरावीक गतीने डोस सोडत राहतं, आणि बराच वेळ असं गेलं तरच वाजतं. बोलताना मिळणारा डोस श्वासाच्या वेळेला अचूक जुळतो असा माझा दावा नाही. लांबलचक बोललो तर ऑक्सिमीटरवर आकडा थोडा उतरतोच. पण वाक्य पूर्ण होतं. सगळी छोटी मशीन्स माझ्या त्या मशीनसारखी असतील असंही मी म्हणणार नाही, त्यांतही प्रकार आहेत. म्हणून घेण्याआधी माहितीपुस्तिकेतलं अलार्मचं पान वाचा: श्वास न मिळाल्यावर मशीन किती सेकंदांनी वाजतं, आणि वाजण्याआधी स्वतःहून डोस देतं का. विक्रेता ही गोष्ट सहसा काढत नाही. आणि मशीन दाखवायला आणतील तेव्हा ते लावून वर्तमानपत्राचं एक पान मोठ्याने वाचा, फोनवर कोणाशी तरी निवांत बोला. बोटाला ऑक्सिमीटर लावून थोडं चाला, मग चालता चालता बोला. गप्प बसून घेतलेल्या चाचणीत दोन्ही मशीन्स सारखीच गुणी दिसतात.

आवाजात फार फरक नाही, दोन्ही चाळिसेक डेसिबलच्या आसपास. छोट्याचा सूर मला जरा बारीक आणि टोचरा वाटला, पण हे प्रत्येकाच्या कानावर आहे.

विमानाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. स्वतःचा सिलिंडर विमानात सहसा नेऊ देत नाहीत, त्यामुळे तिथे हेच मशीन आधार. केबिनमधला दाब सुमारे २४०० मीटर उंचीइतका कमी होऊ शकतो. तिथली हवा जमिनीवरच्या १५ टक्के ऑक्सिजनइतकीच उपयोगी पडते. म्हणजे बसल्या जागीही एरवीपेक्षा जास्त लागतो. जमिनीवर बसून ज्यांना २ लागतो ते छोटं मशीन घेऊन विमानात चढले तर पुढे एकच पायरी उरते. तिकीट काढण्याआधी हे डॉक्टरांशी बोला, काहींना त्यासाठी वेगळी तपासणी करून घ्यायला सांगतात. बऱ्याच विमान कंपन्या उड्डाणाच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या बॅटऱ्या मागतात, डॉक्टरांचं पत्र मागतात आणि आगाऊ कळवायला सांगतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवायच्या, टोकं झाकून. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला सहसा अडचण येत नाही, १०० ते १६० मधल्यांना कंपनीची परवानगी लागते. मशीनवर एफएएच्या (अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाच्या) अटी पूर्ण होत असल्याचं लाल अक्षरांतलं लेबल आहे का, तेही पाहून ठेवा. काउंटरवर तेच विचारतात.

दीडपटीचा हिशेब केला की छोट्याचं वजनही बदलतं. त्याची बॅटरी मधल्या सेटिंगला अडीच तासांच्या आसपास चालते, म्हणजे चार तासांच्या उड्डाणाला एकावर भागत नाही, दोनवरही नाही. तिसरी बॅटरी बॅगेत टाकली की खांद्यावरचा हलकेपणा हातातल्या बॅगेत भरून निघतो. छोट्या फेऱ्यांना हा प्रश्न येत नाही, हे खरं.

तेव्हा ज्यांना १ किंवा २ वर भागतं, ज्यांची फेरी तासा-दीड तासाची असते, किंवा ज्यांच्या खांद्याला, मणक्याला खरोखरच वजन झेपत नाही, त्यांनी छोटं जरूर घ्यावं; बोलून बघण्याची चाचणी तेवढी करावी. बाकीच्यांना, विशेषतः आजार पुढे सरकत जाणारा असेल तर, मी मधल्याकडेच झुका म्हणेन. आज ३ पुरतोय, वर्षभराने पुरेलच याची खात्री नसते, आणि ही मशीन्स वारंवार बदलण्यासारखी नसतात. कोणतंही घेतलं तरी ते कपाटात पडून राहू देऊ नका. झिओलाइट दमटपणा धरतं, त्यामुळे बाहेर जाणं नसलं तरी मशीन अधूनमधून चालवावं, आणि झिओलाइट भरलेल्या नळ्या (कॉलम) बदलायला घरच्या घरी जमतं की मशीन पाठवावं लागतं, हे आधीच विचारून घ्यावं.

मधल्याबरोबर एक दुप्पट क्षमतेची बॅटरी घेण्याचा आग्रह होतो. मी दोन साध्या घेतल्या. दुप्पट बॅटरीचं सगळं वजन सतत खांद्यावर राहतं. साधी एक मशीनमध्ये आणि दुसरी बरोबरच्या माणसाकडे किंवा पिशवीत राहते. बदलताना मशीन क्षणभर बंद पडतं, म्हणून उभ्याने बदलू नये. कुठेतरी टेकायचं, श्वास शांत होऊ द्यायचा, आणि बॅटरीचा आकडा लाल व्हायची वाट न बघता आधीच बदलून घ्यायची.