उद्याचा बेत विचारायला शिकवणारा स्पॅनिशचा क्लास

वेरूळ-अजिंठ्याला पाहुणे नेणाऱ्या गाइड मंडळींनी हा ऑनलाइन क्लास जरूर लावावा. मी लावला, आणि पैसे वसूल झाले असं मनापासून वाटतं.

आमच्या धंद्यात स्पॅनिशमधला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न लेण्यांचा नसतो, पाहुण्यांच्या बेताचा असतो. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. मंगळवारी काय करणार आहेत हे आदल्या रात्रीच विचारलं नाही, तर सकाळी गाडी कुठे न्यायची? म्हणून बाईंनी पहिल्याच आठवड्यात हे वाक्य घोटून घेतलं: ‘के बान आ आसेर एल मार्तेस?’ मंगळवारी काय करणार आहात? मराठीत जिथे ‘-णार’ येतं, तिथे ‘इर’ (जाणे) क्रियापदाचं रूप, पुढे ‘आ’ आणि मग मूळ क्रियापद. एवढ्यावर अर्धं काम भागतं. याआधी एका क्लासमध्ये इंग्रजीच्या ‘विल’वरून शिकवत होते, तिथे ‘आरे’ (करीन), ‘तेन्द्रे’ (माझ्याकडे असेल) असे भविष्यकाळाचे तक्ते पाठ करण्यात महिने गेले, आणि पाहुण्यांच्या तोंडी ती रूपं क्वचितच ऐकू आली.

मराठीतून शिकवण्याचा फायदा पुढे आणखी दिसला. ‘ड्रायव्हर कुठे आहे?’ असं पाहुण्यांनी विचारलं की आपण म्हणतो, ‘जेवत असेल.’ स्पॅनिशमध्येही नेमकं तसंच, ‘एस्तारा कोमिएन्दो’. भविष्यकाळाचं रूप, पण अर्थ अंदाजाचा. बाईंनी हे सांगितलं तेव्हा तक्त्यातली ती पाठ केलेली रूपं एकदम कामाची झाली.

विचारण्याची रीतही शिकवतात. ‘आ के ओरा पिएन्सान सालीर?’ म्हणजे किती वाजता निघायचा विचार आहे. हे अदबीचं वाटतं, आणि पाहुणे नुसती वेळ न सांगता नाश्त्याचं, सामानाचंही बोलू लागतात. मग दौलताबादचा किल्ला किंवा बीबी का मकबरा सुचवायला जागा मिळते. वेरूळ बंद असण्याच्या दिवशी तर हाच संवाद आमचा दिवस वाचवतो.

उणीव एक आहे, आणि ती मोठी आहे. बाई मेक्सिकोकडची भाषा शिकवतात. स्पेनहून आलेला मित्रांचा गट आपापसात ‘बान’ऐवजी ‘बाइस’ म्हणतो, ‘आसेर’चा उच्चारही ‘आथेर’ करतो, आणि त्यांचं बोलणं नव्या माणसाच्या डोक्यावरून जातं. याचा वेगळा सराव घ्यायलाच हवा, मी तसं बाईंना लिहूनही कळवलं आहे. आपण बोलताना मात्र अनोळखी पाहुण्यांशी ‘उस्तेदेस’ (अदबीचं ‘तुम्ही’) धरूनच बोलावं, ते दोन्हीकडे चालतं.

तास रात्री साडेआठला असतो, म्हणजे अजिंठ्याहून परतलेला गाइडही बसू शकतो. मोबाइलवर आवाज स्वच्छ येतो. बॅच लहान असल्यामुळे प्रत्येकाला बोलावंच लागतं. एक जण पाहुणा होतो, दुसरा गाइड. तासाचं रेकॉर्डिंग मिळत नाही, वही जवळ ठेवा. ‘डेले’ या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करायची असेल तर हा क्लास त्यासाठी नाही, लेखन इथे जवळजवळ नाहीच.

पुढच्या बॅचसाठी आमच्याकडच्या दोन ड्रायव्हरांची नावं मी कालच दिली.