बोटाला लावायचा ऑक्सिमीटर: छोट्या दवाखान्याने घ्यावाच
चोपड्याकडच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात हा, रक्तातला ऑक्सिजन (सॅच्युरेशन) टक्क्यांत दाखवणारा चिमटा, वापरतोय आणि सरळ सांगतो, पैसे वसूल. फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे पेशंट, पावसाळ्यात निमोनिया, यातलं कोण एआरडीएसकडे (फुफ्फुसं सुजून पाण्याने भरतात, ऑक्सिजन पडतो) चाललंय हे ठरवायला, या आजाराच्या 2012 च्या बर्लिन व्याख्येप्रमाणे एबीजी (धमनीच्या रक्तातल्या ऑक्सिजनची तपासणी) पाहिजे, व्हेंटिलेटरचा सपोर्ट पाहिजे, आता गावाकडे ते आणायचं कुठून भाऊ? म्हणजे आपले पेशंट मोजणीतच नव्हते! मग रवांडातल्या किगालीच्या एका हॉस्पिटलात डॉक्टरांनी ऑक्सिमीटर धरून मोजलं तर ॲडमिट झालेल्यांपैकी सुमारे 4 टक्के एआरडीएसचे निघाले, आणि 2023 च्या जागतिक व्याख्येने हे गणित मान्य केलंय, सॅच्युरेशनला दिलेल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने (दशांशात, 40 टक्के म्हणजे 0.4) भागायचं, उत्तर 315 किंवा कमी, फक्त सॅच्युरेशन 97 च्या वर नको. एक्सरे किंवा सोनोग्राफी लागतेच. 50 देशांच्या लंग सेफ अभ्यासात आयसीयूतले 10 टक्के पेशंट एआरडीएसचे होते आणि त्यातले जवळपास 40 टक्के डॉक्टरांनी ओळखलेच नव्हते, वाचून जीव तुटतो हो.

आता तक्रार. केळी कापणाऱ्यांची बोटं चिकाने काळी पडलेली असतात, तिथे रीडिंग नुसतं उड्या मारतं, मग बोट बदलायचं, हात गार असेल तर चोळून गरम करायचा आणि स्क्रीनवरची नाडीची लाट स्थिर झाली की मगच आकडा धरायचा. सावळ्या कातडीवर आकडा थोडा जास्तही दाखवतो. बॅटरीचं झाकण ढिलं आहे, चिकटपट्टी लावलीय.

घेतला तर रजिस्टरमध्ये सॅच्युरेशनसोबत ऑक्सिजन किती लिटरवर होता तेही लिहा, नाहीतर वरचा भागाकार नंतर करताच येत नाही.