जुन्या बुलेटचे टायमिंग: ॲमीटरवर, स्ट्रोबवर की पॉइंट काढून?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात पॉइंटवर, म्हणजे उघडताना ठिणगी पाडणाऱ्या संपर्कजोडीवर, चालणाऱ्या ३५० सीसीच्या जुन्या बुलेट अजूनही रोजच्या वापरात आहेत. अशी गाडी किक उलटी मारू लागली किंवा चढावर दम टाकू लागली, की मालकापुढे तीन वाटा असतात: टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) घरीच ॲमीटरच्या, म्हणजे विद्युतप्रवाह दाखवणाऱ्या, काट्यावर लावणे, गॅरेजमध्ये स्ट्रोब लाइटखाली (प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली) तपासून घेणे, किंवा पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक संच बसवणे. कानाने ऐकून डिस्ट्रिब्युटर (पॉइंट ज्यात बसतात तो डबा) फिरवत बसण्याची चौथी रीतही आपल्याकडे रूढ आहे, पण ती मी तुलनेत घेत नाही. उभ्या गाडीचा आवाज गोड लागला म्हणून घाटात भार पडल्यावर ठिणगी वेळेवर पडेलच असे नाही.

निवड करण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून आतला कॅम (पॉइंट उघडणारा फिरता दांडा) दोन बोटांत धरावा आणि आडवा हलवून पाहावा. तो खुळखुळत असेल तर पॉइंटमधले अंतर प्रत्येक फेरीला बदलते आणि अंतर बदलले की टायमिंगही सरकते. अंतर वाढले तर ठिणगी लवकर पडते, कमी झाले तर उशिरा. अशा गाडीवर पहिल्या दोन पद्धतींचे श्रम वाया जातात. उद्यमबागेतल्या एखाद्या चांगल्या लेथवाल्याकडून दांड्याभोवतीचा नवा बुश करून घेणे हाच तिथे पहिला खर्च असावा.

दांडा घट्ट असेल, तर माझा कौल निःसंशय ॲमीटरच्या पद्धतीला आहे. पॉइंटमधले अंतर आधी फिलर गेजने (जाडी मोजायच्या पट्टीने) ०.३५ ते ०.४० मिलिमीटर करून घ्यावे, कारण टायमिंग लावल्यावर अंतराला हात लावला तर सगळे काम पुन्हा करावे लागते. मग प्लग काढून, गाडी मुख्य स्टँडवर घेऊन, टॉप गिअरमध्ये मागचे चाक हळूहळू पुढे फिरवावे. दोन्ही टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे दट्टे) सैल लागतात तो कॉम्प्रेशनचा फेरा. तो चुकला तर पुढचे सारे चुकते. कारखान्याने सांगितलेली खूण अशी आहे की, ऑटो ॲडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी वजनांची यंत्रणा) पूर्ण मागे असताना, पिस्टन सर्वांत वरच्या बिंदूच्या ०.८ मिलिमीटर अलीकडे असेल तेव्हा पॉइंट उघडायला सुरुवात व्हावी. बुलेटचा स्ट्रोक ९० मिलिमीटर असल्यामुळे हे अंतर क्रँकच्या साधारण ९ ते १० अंशांइतके भरते.

खरी कसोटी तो वरचा बिंदू शोधण्यात आहे. तिथे क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन जवळपास जागीच असतो, शिवाय प्लगचे भोक तिरके असल्याने आत घातलेली सायकलची तार सरळ माप देत नाही. म्हणून चढताना आणि उतरताना तार एकाच खुणेपर्यंत येते अशा दोन जागा शोधून चाकावर त्यांच्या खुणा कराव्यात आणि त्यांचा मध्य घ्यावा. खूण ओलांडली गेली तर चाक बरेच मागे नेऊन पुन्हा पुढेच आणावे, नाहीतर गिअरमधली ढील मापात शिरते.

यानंतर दिवे बंद ठेवून चावी फिरवावी. पॉइंट मिटलेले असताना हेडलाइटच्या वरचा ॲमीटरचा काटा उण्याकडे झुकलेला असतो. चाक केसभर पुढे सरकवले की तो अंगावर शहारा यावा तसा थरथरतो आणि शून्यावर येऊन थांबतो. तो क्षण म्हणजे पॉइंट उघडण्याचा क्षण. डिस्ट्रिब्युटरची पकड सैल करून हा क्षण ०.८ च्या खुणेवर आणायचा, एवढेच काम उरते; मात्र डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून त्याचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन अंश, हे ध्यानात ठेवून हात फार हलका ठेवावा लागतो. चावी उगाच चालू ठेवू नये, कॉइल तापते.

स्ट्रोबचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. इंजिन चालू असताना वेग वाढेल तशी ठिणगी पुढे सरकते की नाही, हे फक्त तोच दाखवतो. ऑटो ॲडव्हान्सची वजने सुकलेल्या ग्रीसमध्ये अडकली, तर उभ्या गाडीवर लावलेले टायमिंग अचूक असूनही गाडी रस्त्यावर फसवते. माझ्या गाडीचे हेच झाले होते. सावंतवाडीहून परतताना आंबोली घाटात ती तापली, ओढ गेली, आणि मी दोनदा टायमिंग तपासूनही दोष सापडला नाही. शेवटी वजने रॉकेलने धुऊन तेलाचा थेंब दिल्यावर ती पूर्वीसारखी चढू लागली. तरीही बुलेटसाठी स्ट्रोब सोयीचा नाही, कारण क्रँकवरची खूण पाहायची तर प्रायमरीचे (इंजिनकडून क्लचकडे जाणाऱ्या साखळीच्या कप्प्याचे) झाकण उघडून तेल काढावे लागते, आणि ६ व्होल्टच्या गाडीवर १२ व्होल्टच्या दिव्यासाठी वेगळी बॅटरी लागते. वजने बोटाने फिरवून सोडली असता स्प्रिंगने झटकन मागे येत असतील, तर एवढा खटाटोप करू नये. म्हैसूरच्या जावा-येझदी टू-स्ट्रोक गाड्यांना तर ऑटो ॲडव्हान्सच नसल्याने तिथे स्ट्रोबची गरज आणखी कमी होते.

इलेक्ट्रॉनिक संच मी रोज गाडी वापरणाऱ्यालाच सुचवीन. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात पॉइंटवर ओल धरते आणि सकाळी गाडी उठत नाही, हा त्रास त्याने संपतो. झिजणारा पॉइंटही राहत नाही. पण त्याला निरोगी बॅटरी लागते. व्होल्टेज पडले की काही संच ठिणगीची वेळ चुकवतात, म्हणून आधी चार्जिंग नीट करून घ्यावे. शिवाय चोर्ला घाटात पॉइंट बिघडले तर पॉलिश पेपरने घासून गाडी पुढे नेता येते, संच बिघडला तर रस्त्याकडेला त्याचे काहीही करता येत नाही. त्यामुळे संच बसवलाच, तर काढलेली पॉइंटची प्लेट, कंडेन्सर आणि फिलर गेज एका फडक्यात गुंडाळून टूलबॉक्समध्ये ठेवावेत, आणि प्लेट काढण्यापूर्वीच ती कोणत्या जागी घट्ट केली होती त्याची रेघ डिस्ट्रिब्युटरवर ओढून घ्यावी.